दादाला न कळलेलं वाक्य

११ सप्टेंबर, गुरुवार

जुनी वही संपली, ही नवी. नियम तोच: लेखातून जे वाक्य कापलं जाईल ते इथे उतरवायचं. कोणी कापलं आणि का, तेही लिहायचं. बाकी मनातलं जे काही असेल ते त्याच्या आजूबाजूला. वाक्य टाकताना माझा जीव तुटतो, निदान त्याला राहायला जागा तरी असू दे.

आज दुपारी दादाला रविवारचा लेख वाचून दाखवला. अकरा वर्षं मी 'डोकं ठिकाणावर' हे सदर लिहितेय. मेंदूवर आणि मनावर जे संशोधन चालतं ते साध्या माणसाला कळेल असं सांगायचं, आणि साधा माणूस म्हणजे माझा मोठा भाऊ. व्यवसायाने घड्याळजी, वय एकाहत्तर. वहिनी गेल्यापासून मी इथेच राहते. खिडकीपाशी त्याचं टेबल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि कान माझ्याकडे. "कळलं नाही" म्हणाला की वाक्य पुन्हा लिहायचं. दुसऱ्यांदाही "कळलं नाही" म्हणाला की कात्री. मोठमोठे प्राध्यापक माझ्याकडून असली शिस्त शिकून गेलेत, उगाच नाही.

लेख विसरण्यावर आहे. साठीच्या पुढची चारशे माणसं, "आम्ही हल्ली फार विसरतो" म्हणणारी. संशोधकांनी सहा वर्षं त्यांचा पिच्छा पुरवला. नावं आठवत नाहीत, किल्ल्या सापडत नाहीत, चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, अशांपैकी बहुतेकांना पुढे काहीही झालं नाही. छान, दिलासा देणारी गोष्ट. दादा मान डोलवत होता. शेवटच्या परिच्छेदातल्या एका वाक्यापाशी मात्र त्याने चिमटा खाली ठेवला.

"कळलं नाही."

मी सोपं करून पुन्हा वाचलं.

"नाहीच कळलं. आणि काढून टाक ना ते, चिमे. लोकांना उगाच धास्ती."

कापलं. ते असं होतं: "पण वर्षानुवर्षं हातात बसलेल्या कामातच माणूस अडखळायला लागला, मधले टप्पे गाळायला लागला, तर ते वयाच्या माथी मारू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा."

वाईट नव्हतं वाक्य. पण नियम म्हणजे नियम. शिवाय लेख बरोब्बर सहाशे शब्दांत बसला.

१४ सप्टेंबर, रविवार

संपादकांनी मथळा दिला: 'विसरताय? बिनधास्त विसरा!' मी दिला होता 'विसरण्याचे प्रकार'. माझ्या मथळ्याकडे कुत्रं फिरकलं नसतं, हे मान्य.

सकाळपासून फोन थांबत नाहीत. एक आजोबा तर रडले हो फोनवर. म्हणाले, बाई, दोन वर्षांनी आज शांत झोप लागेल. अशा वेळी वाटतं, लिहिल्याचं सार्थक झालं.

दादाला सांगितलं, "अर्धं श्रेय तुझं." तो खूश. त्याने चहा केला आणि साखर घालायची विसरला. मी म्हटलं, "बिनधास्त विसर!" दोघं पोट धरून हसलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एक निवृत्त मास्तर आज तिसऱ्यांदा येऊन गेले. त्यांच्या वडिलांचं मनगटी घड्याळ, किल्लीचं. पहिल्यांदा चालूच झालं नाही, दुसऱ्यांदा दिवसाला वीस मिनिटं पुढे. आज दादाने दिलं तर तासकाटाच नव्हता. मास्तर बिचारे भिडस्त, म्हणाले, "असू द्या, मला कुठे गाडी पकडायचीय." मी दारात त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "त्यांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, नजर हो, दुसरं काय. एकाहत्तर झालं.

नजरेचंच असणार. केसाएवढे स्क्रू असतात ते. दादाला म्हटलं डोळे तपासून घे, तर अंगावर आला. "माझे डोळे तुझ्याहून चांगले आहेत!" नाकावर माशी बसू देत नाही हल्ली.

भिंतीवरची पाचही घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतायत. घड्याळजीच्या घरात किती वाजले ते मोबाईलवर बघायचं, आहे की नाही गंमत!

कापलेलं: 'सरासरी' शब्द असलेली दोन वाक्यं. दादाला कळली नाहीत. एके काळी हाच माणूस मला म्हणायचा, "सरासरी काय सांगतेस? चारशे घड्याळं सरासरीने बरोबर चालली म्हणून माझ्या हातातलं बरोबर चालतं का?" मी तेव्हा वैतागायचे. आता नुसतं "कळलं नाही" म्हणतो, कामाला लागतो. म्हणजे माझंच लिहिणं जड होत चाललंय. अजून सोपं केलं पाहिजे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

निवडक लेखांचं पुस्तक येणार! संपादकांचा सकाळी फोन आला. म्हणाले, गेल्या सहा महिन्यांतले लेख तर लोण्यासारखे उतरलेत, काय जादू केलीत? मी ऐटीत सांगितलं, जादूबिदू काही नाही, घरी एक माणूस आहे, त्याला कळेपर्यंत मी कापत जाते. पुस्तकात 'बिनधास्त विसरा' पहिलाच.

दादासाठी वाकवता येणारा मोठा दिवा आणला, टेबलाला चिमट्यासारखा बसणारा. त्याने तो लावलाच नाही. म्हणाला, "उजेड कमी नाहीये गं मला." हट्टी आहे.

या रविवारी लक्ष या विषयावर लिहिलंय. माणसाला एक गोष्ट मोजायला लावली की डोळ्यांसमोरून दुसरं काहीही गेलं तरी त्याला पत्ता लागत नाही, याचे प्रयोग. मजेशीर आहे. वाचून दाखवताना दादा खिडकीबाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "छान झालंय." एकही वाक्य कापावं लागलं नाही. अशी गुरुवारची दुपार क्वचित मिळते.

४ डिसेंबर, गुरुवार

आजही "छान झालंय". सलग तिसरा लेख. हात बसला म्हणायचा आता माझा.

फक्त एक गोष्ट. वाचून झाल्यावर दहाएक मिनिटांनी दादा म्हणाला, "आज लेख वाचणार नाहीस का?" मी म्हटलं, चेष्टा पुरे. तो हसला. मीही हसले.

२० जानेवारी, मंगळवार

भराभर लिहितेय, अक्षर बिघडलं तर बिघडलं.

ऑफिसातून एक मेल पुढे आला. एका बाईंचा. जसाच्या तसा उतरवते.

"माझे मिस्टर चाळीस वर्षं कोट शिवतात. ऑगस्टात जिन्यावर घसरले, डोक्याला थोडं लागलं, टेंगूळ आलं आणि गेलं. ऑक्टोबरपासून बाह्या उलट्या लावायला लागले. खिसा शिवून बंद करून टाकायचे. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. त्यांनी तुमचा लेख कापून मशीनवरच्या भिंतीला चिकटवला. मी काही बोलले की बोट दाखवायचे. 'बाईंनी लिहिलंय, बिनधास्त विसरा.' तीन महिने बोट दाखवत होते. शनिवारी कोसळले. कवटीच्या आत रक्त साचून मेंदूवर दाब आला होता, तेव्हाच आणलं असतं तर सोपं होतं, असं डॉक्टर म्हणाले. काल ऑपरेशन झालं. अजून ओळखत नाहीत. मला भांडायचं नाही. लेखात लिहिलं होतं ते सगळं खरं होतं का, एवढंच विचारायचं आहे."

सगळं खरं होतं. एकूण एक वाक्य खरं होतं. मी ही वही उलटी चाळली आणि सप्टेंबरच्या पानावर आले. बाह्या उलट्या लावणाऱ्या शिंप्यासाठीच लिहिलेलं वाक्य होतं ते. माझ्याच अक्षरात, इथे, जिथे कोणीही वाचणार नाही.

जेवण गेलं नाही. दादाने विचारलं काय झालं. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

२१ जानेवारी, बुधवार

संपादकांकडे गेले. केबिनचं दार लावून घेतलं त्यांनी, यावरूनच समजले.

"लेखात चुकीचं काय आहे, ते दाखवा."

"चुकीचं काही नाही. एक वाक्य गाळलंय मी."

"मग दुरुस्ती कशाची छापू? दुरुस्ती चुकीची छापतात. गाळलेल्याची छापायला लागलो तर रोज वेगळा अंक काढावा लागेल."

"माणूस मरतोय तिकडे!"

"तुम्ही डॉक्टर नाही आहात. त्या माणसाला त्याच्या घरच्यांनी न्यायला हवं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुस्तक पुढच्या आठवड्यात छापायला जातंय. पहिलाच लेख आहे तो. दोन दिवस जरा गप्प बसा, एवढंच म्हणतो."

मला लाज वाटते लिहायला, पण एक क्षण मला ते पटलं. खाली जिन्यात येईपर्यंत पटत होतं. घरच्यांनी न्यायला हवं होतं, खरंच की. मग आठवलं, घरची बाई तीन महिने घसा कोरडा करत होती आणि तिच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून भिंतीवर मी चिकटले होते.

उद्या हॉस्पिटलात जाते. काय बोलणार, काही ठरवलेलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

बाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर डबा, उघडलेला नाही. मी माझी ओळख सांगितली. आता ओरडतील, निदान तोंड फिरवतील, असं वाटलं होतं. त्यांनी पिशवी उचलून मला बसायला जागा करून दिली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काचेतून त्यांचे मिस्टर दिसत होते. डोक्याला पट्ट्या, डोळे उघडे. अंगठा आणि पहिलं बोट चादरीवर सारखं एकमेकांवर घासत होते. "सुई ओवतायत," बाई म्हणाल्या. "काल रात्रीपासून. दोरा काही जात नाहीये."

मी सांगितलं. म्हटलं, एक वाक्य होतं, तुमच्या मिस्टरांना तंतोतंत लागू पडणारं, मी ते काढलं.

"होतं तुमच्याकडे?"

"होतं."

"मग का काढलंत हो?"

"मी माझ्या भावाला वाचून दाखवते. त्याला कळलं नाही म्हणून."

त्यांनी मांडीवरचा डबा बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊ काय करतात?"

"घड्याळं दुरुस्त करतो."

"जमतं अजून त्यांना?"

काही वाकडं नव्हतं त्यांच्या आवाजात. एकीने दुसरीला घरातल्या माणसाबद्दल विचारावं, तसं. पण माझं पित्त खवळलं. म्हटलं, "का नाही जमणार? पन्नास वर्षं करतोय." आणि उठलेच. ताडताड जिना उतरले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, आपण त्यांना 'काळजी घ्या' एवढंही म्हटलं नाही.

जमतं अजून त्यांना?

घरी दादा झोपला होता, दुपारचा. मी त्याच्या टेबलाचा खण ओढला. या खणाला मी कधी हात लावत नाही, त्याची सक्त ताकीद आहे. आत डब्या होत्या, एकीवर एक रचलेल्या. प्रत्येक डबीवर गिऱ्हाइकाची चिठ्ठी, तारीख. मी उघडत गेले. उघडलेली घड्याळं, चक्रं सुटी, काटे सुटे. जून. जुलै. जुलै. ऑगस्ट. एकही जोडलेलं नाही. एकूण सव्वीस डब्या.

काही डब्यांत कागद होते. त्याच्या बारीक, सुबक अक्षरात आकडे घातलेले: १. मागचं झाकण. २. चक्रांवरची पट्टी. ३. मधलं चक्र. पन्नास वर्षं जे काम तो गप्पा मारता मारता करायचा, त्याची यादी करत होता तो. कुठे सहापाशी थांबली होती, कुठे चारपाशी. एका कागदावर नुसतं १ होतं.

मी जमिनीवरच बसले. मास्तर तीनदा आले. पाच घड्याळं पाच वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. "उजेड कमी नाहीये गं मला," म्हणाला होता. त्याला कळत नव्हतं म्हणून मी लेख सोपे करत होते, आणखी सोपे, आणखी सोपे, आणि लोक म्हणत होते काय जादू केलीत! अगं बाई, तुझ्या हातातला काटाच हलला होता, आणि तू सगळं जग त्याच्यावर जुळवून घेत होतीस! मेंदूवर अकरा वर्षं लिहितेय मी. मूर्ख. मूर्ख बाई.

तो उठायच्या आत खण लावला. आज गुरुवार, पण त्याने लेखाचं विचारलं नाही. मीही वाचला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी संपादकांना फोन केला. म्हटलं, रविवारी दुसरा कुठलाही लेख मी देणार नाही. त्या गाळलेल्या वाक्याचा लेख रात्री लिहिलाय, तो छापा, नाहीतर सदराची जागा कोरी सोडा. आणि पुस्तकातून पहिला लेख काढा, किंवा पुस्तकच काढू नका. ते बराच वेळ बोलले. मी ऐकून घेतलं आणि तेच वाक्य परत म्हटलं. शेवटी म्हणाले, "पाठवा. पण त्या लोकांचा पत्ताबित्ता नको त्यात." मी तरी कशाला घालतेय.

दुपारी दादासमोर बसले. एरवी हात पुढ्यातल्या घड्याळात असायचे, आज मोकळेच होते. मी वाचलं. सप्टेंबरमध्ये मी तुम्हाला अर्धं सांगितलं, असं सुरू केलंय. चारशेंपैकी एकतीस माणसं अशी होती, ज्यांची तक्रार नावांची किंवा किल्ल्यांची नव्हती. ती आपल्या रोजच्या कामात चुकत होती. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या मेंदूत खरंच काहीतरी बिघडलेलं निघालं, आणि काहींचं तर बरं होण्यासारखं होतं, वेळेत कळलं म्हणून. मग ते वाक्य. जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता.

थांबले. विचारायची हिंमत होत नव्हती. तरी सवयीने तोंडातून निघालंच, "कळलं?"

दादा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

"तेव्हाच कळलं होतं, चिमे."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"त्या लेखातलं तेवढं एकच वाक्य नीट कळलं होतं मला. बाकीचं तू काय वाचत होतीस कोण जाणे. छान चाल होती, म्हणून मान डोलवत होतो." मग म्हणाला, "तू खण उघडलास ना काल? डब्या उलट्या रचल्यास. मला अजून तेवढं समजतं."

मला राग आला. खरं तेच लिहिते, आधी राग आला. म्हटलं, "दादा, तुझ्या त्या एका 'कळलं नाही'मुळे तिकडे एक माणूस..." आणि पुढे बोलवेना. तो माझ्याकडे बघत होता. लहानपणी माझ्या हातून त्याचं पहिलं घड्याळ फुटलं होतं, तेव्हा मी त्याच्याकडे असंच बघत असणार.

"भीती वाटली गं," तो म्हणाला. "तू ते छापलं असतंस तर रविवारी मलाच वाचावं लागलं असतं."

मग मी रडले. तोही रडला. चहा मी केला.

२५ जानेवारी, रविवार

लेख आला. मथळा माझाच: 'एक वाक्य राहिलं होतं'. फोन कमी आले, त्यातले दोन शिव्यांचे. रडलेल्या आजोबांचा फोन आला नाही. त्यांची झोप मी परत उडवली असेन. उडू दे.

संध्याकाळी बाईंचा फोन. म्हणाल्या, "आज ओळखलं मला. माझ्या माहेरच्या नावाने हाक मारली, पण मारली." आणि म्हणाल्या, "शर्टाचं बटण लावलं स्वतःचं. वरचं बटण खालच्या काजात. पण लावलं." मी गुरुवारची माफी मागितली. त्यांनी विचारलं, "भावाला दाखवलंत?"

म्हटलं, सोमवारची वेळ घेतलीय, दोन तारखेची.

२ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर तरुण होत्या, शांत. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आज वार कोणता, महिना कोणता, हे सगळं त्याने ठणठणीत सांगितलं. माझ्या जिवात जीव यायला लागला होता. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. मग डॉक्टरांनी कोरा कागद पुढे सरकवला. हे येणार हे मला आठवडाभर माहीत होतं. मीच लिहिलाय यावर लेख, सात वर्षांपूर्वी. दादाला वाचूनही दाखवला होता, तेव्हा तो म्हणाला होता, हे तर माझं पोटापाण्याचं काम.

"काका, एक घड्याळ काढा. आकडे घाला, आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

दादा हसला. "हे तुम्ही मला विचारताय?"

वर्तुळ काढलं. काय वर्तुळ होतं! हाताने काढलंय असं कोणी म्हटलं नसतं. वरती बारा घातला. मग एक, दोन, तीन, चार, एकाखाली एक, उजव्या बाजूलाच. नऊपर्यंत आला तेव्हा खाली जागा संपली होती. डावी बाजू तशीच, पांढरी. त्याने पेन्सिल उचलली. कागद थोडा फिरवून बघितला. डोळ्यापाशी हात नेला, भिंग लावायला न्यायचा तसा. भिंग नव्हतं.

डॉक्टर थांबून राहिल्या. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, नाहीतर मी नऊ कुठे ते दाखवलं असतं.

"हे चुकलंय," दादा म्हणाला. "चुकलंय एवढं दिसतंय मला." मग माझ्याकडे वळला. "पण कुठे, ते... चिमे, या वेळी खरंच कळलं नाही."

अकरा वर्षं तो असं म्हणाला की मी काहीतरी कापत आले. आज काय कापणार होते मी? त्याचा हात घट्ट धरला, तेवढंच सुचलं.

रक्ताच्या तपासण्या दिल्यात. डॉक्टर म्हणाल्या, काही कारणं बरी होण्यासारखी असतात, काही नसतात, आत्ताच सांगता येत नाही. उशीर झालाय का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, थोडा. स्कॅन गुरुवारी.

घरी येताना दादा म्हणाला, "गुरुवारी तर आपलं वाचन असतं." म्हटलं, वाचू की, तिथेच बाकावर बसून. कात्री घरी ठेवून जाणार आहे.